माधवीच्या कंप्युटरला हात कोणी लावला

कंप्युटर सुरू झाला नाही तेव्हा माधवी निखाडेने सगळ्यात आधी बंटीला चोर ठरवलं. मनातल्या मनात नाही, तोंडावर. विजय नगरच्या त्याच्या कंप्युटर-दुरुस्तीच्या दुकानात, काउंटरपुढे गिऱ्हाईकं उभी असताना. बंटीच्या हातात कोणाचा तरी उघडा लॅपटॉप होता, तो तसाच हातात राहिला आणि तो बिचारा तिच्या तोंडाकडे बघत बसला.

माधवीचा राग हा असाच आहे. राग आधी येतो, कारण मागाहून. जबलपूरच्या कांचघरमधल्या त्यांच्या गल्लीत भाजीवाला तिच्या पिशवीत सडका टमाटा टाकायची हिंमत करत नाही. गॅसवाला तिच्या दारात सिलिंडर आपटत नाही, अलगद ठेवतो. लोक म्हणतात निखाड्यांची सून तापट आहे. आहेच. पण खरं सांगायचं तर त्या रागानेच तिला तिचं काम मिळवून दिलं, नाहीतर ती आजही पापड लाटत बसली असती.

तिचं माहेर सिहोऱ्याचं. वडिलांचं शिलाईचं दुकान होतं, त्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती हाताने आरीकाम शिकली. ताणलेल्या कापडावर आकड्यासारख्या सुईने टाके घालत जायचं ते भरतकाम. लग्न करून कांचघरला आली तर सासरी सगळे सरकारी. सासरे पुंडलिकराव संरक्षण खात्याच्या फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. नवरा अजिंक्य रेल्वेच्या सिग्नल विभागात. पगाराच्या तारखेला पैसे येतात ते काम, बाकी सगळा टाइमपास, अशी या घराची पक्की समजूत. टाइमपास हा शब्द अजिंक्यने पहिल्यांदा वापरला तेव्हा माधवी पुढचे कितीतरी दिवस त्याच्याशी फक्त हिंदीत बोलली. हिंदी आपली बाहेरची भाषा, दुकानातली, ऑफिसातली. घरच्या माणसाशी हिंदीत बोलायचं म्हणजे त्याला उंबऱ्याबाहेर उभं करायचं. अजिंक्यला ते बरोबर समजलं. तो शब्द त्याने परत तोंडातून काढला नाही. मनातून काढला की नाही ते त्याचं त्याला माहीत.

तिचं काम म्हणजे पंचिंग. जबलपूरच्या सलवार-सूटांवर जी फुलं-पानं भरलेली असतात ती कारखान्यातलं यंत्र भरतं, पण यंत्राला अक्कल थोडीच असते. सुई कुठे उतरायची, धागा कुठे तुटायचा, आधी देठ की आधी पाकळी, हे सगळं कोणीतरी कंप्युटरवर टाक्या-टाक्याने ठरवून द्यावं लागतं. तेच पंचिंग. माधवीने ते एका कारखान्यात जाऊन शिकून घेतलं, जुना कंप्युटर घेतला आणि पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात मांडला. ज्याने हाताने आरी चालवलेली आहे त्यालाच कळतं की पाकळीवर धागा कोणत्या बाजूने झोपवला म्हणजे ती चमकते. तिची नक्षी कापडावर उठून दिसायची ती त्यामुळेच.

तरी मोठं काम तिला कधी मिळालं नव्हतं. ते सुरतेला जायचं. या वर्षी मात्र अनुपमजी नावाच्या एका सूटवाल्या कारखानदाराने तिला बोलावलं. लग्नसराईच्या सूटांची नक्षी तुम्ही करून बघा म्हणाला. दसऱ्याच्या आठवड्यात शनिवारपर्यंत एक नमुना द्यायचा. यंत्रावर चांगला उतरला तर सगळ्या लग्नसराईचं काम तिचं. नाही दिला तर सुरतेचा माणूस आहेच.

लग्नाची नक्षी म्हणजे भरगच्च. जुन्या कंप्युटरवर ती उघडायला घेतली की पडदा गोठून जायचा. माऊस हलवावा आणि बाण कुठेच जाऊ नये. माधवीने दोन दिवस दात-ओठ खाल्ले आणि मग कोणालाही न विचारता विजय नगरला जाऊन नवी रॅम, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या, आणि जुन्या डिस्कच्या जागी नवी एसएसडी घेतली, स्वतःच्या कमाईतून. अजिंक्य म्हणाला, विचारायचं तरी. ती म्हणाली, तुम्ही बूट घेता तेव्हा मला विचारता का? तो विषय तिथेच संपला.

अष्टमीच्या दुपारी बंटी घरी आला. त्याने कॅबिनेटचं झाकण काढलं, एसएसडी बसवली, जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरवलं. मग जुन्या रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून नव्या बसवायला गेला तर नव्यांची खाच जुळेना. दुकानातून वेगळ्याच जातीची रॅम आली होती. बंटी ओशाळला. जुन्या पट्ट्या त्याने सोबत घेतल्या, बरोबर जोड मिळवायला, आणि दसरा झाला की येतो म्हणून गेला. झाकण तसंच उघडं राहिलं. कॅबिनेट टेबलाखाली, पोट उघडं, आणि आत रॅमच्या दोन पिवळ्या खाचा रिकाम्या.

दुसऱ्या दिवशी नवमी. माहेरी कुळाचार असतो, म्हणून माधवी सकाळच्या बसने सिहोऱ्याला गेली आणि संध्याकाळी परत आली. दसरा गेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बंटी बरोबर जातीची रॅम घेऊन आला, दोन्ही पट्ट्या खाचांत दाबून बसवल्या आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. दिवा लागला. आणि कंप्युटर ओरडायला लागला. लांब बीप, मग थांबून परत लांब बीप. पडदा काळा तो काळाच.

बंटी म्हणाला, लांब बीप म्हणजे याला रॅम सापडतच नाही. त्याने पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी दातांवरून शाळेतलं खोडरबर घासलं, खाचांत फुंकर मारली, परत बसवल्या. बीप. एकच पट्टी लावली. बीप. ती दुसऱ्या खाचेत लावली. बीप. दसऱ्याची तुंबलेली कामं त्याच्या डोक्यावर होती, फोन सारखा वाजत होता. त्यात सासरे मागे हात बांधून उभे राहिले आणि आमच्या फॅक्टरीत लेथ असा बंद पडला की आम्ही काय करायचो ते सांगायला लागले. शेवटी बंटीने हात झटकले आणि माधवीला विचारलं, "भाभी, बीच में घर में किसी ने हाथ तो नहीं लगाया?"

माधवी हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

"हमारे घर में मेरे कंप्यूटर को कोई हाथ नहीं लगाता, भैया. आप निश्चिंत रहिए."

मग बोर्डच गेला, बंटी म्हणाला. जुना मदरबोर्ड आहे, बसवता-काढता जातात कधी कधी. याच्यात जीव घालण्यापेक्षा नवीन कंप्युटर घ्या. एवढं बोलून तो स्कूटरवर बसून निघून गेला. माधवी त्या काळ्या पडद्यापुढे बसून राहिली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायला लागली. अष्टमीपर्यंत हा कंप्युटर चालत होता. रखडत का होईना, चालत होता. मग बंटीचा हात लागला आणि मेला. चालत्या रॅमच्या पट्ट्याही तोच घेऊन गेला, आणि आता म्हणतो नवीन घ्या. घ्या म्हणजे कोणाकडून? त्याच्याचकडून.

तिने हा हिशेब मनात लावला, बाहेर येऊन ऑटो पकडला आणि पुढे काय झालं ते वर सांगितलंच आहे. तिने दुकानात बंटीचा यथेच्छ पाणउतारा केला. तुझा धंदाच हा, चांगलं यंत्र मारायचं आणि नवं गळ्यात मारायचं. माझ्या पट्ट्या कुठे आहेत? बंटीने खणातून तिच्या जुन्या पट्ट्या काढून तिच्या हातावर ठेवल्या. त्यांवर त्याने तिच्या नावाची चिठ्ठीही लावून ठेवली होती. ते बघून माधवीला बोलायला काही उरलं नाही, आणि बोलायला काही उरत नाही तेव्हा तिला आणखी राग येतो.

घरी येऊन तिने स्वतः त्या पट्ट्या बसवल्या. टेबलाखाली डोकं घालून, अंगठ्याने दाबून, खट असा आवाज येईपर्यंत. बटण दाबलं.

बीप.

याच पट्ट्यांवर इतकी वर्षं चाललेला कंप्युटर आता त्यांनाही ओळखेना. तिने त्या परत उपसून टेबलावर टाकल्या. म्हणजे बंटी खरं बोलत होता. बोर्ड गेला. नवा कंप्युटर आता घेणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं, कारण जे होतं ते या रॅमवर आणि एसएसडीवर घालून बसली होती. आणि शनिवार परवावर आला होता.

दुपारी जेवायला सगळे बसले. अजिंक्यची त्या दिवशी रात्रपाळी, म्हणून तोही घरी होता. त्याने भाजी वाढून घेतली आणि अगदी सहज, जणू आत्ताच सुचलं असं, सांगितलं की त्याच्या ओळखीच्या एका शाळेच्या ऑफिसात जागा निघाली आहे. कंप्युटरवरच बसायचं आहे. पक्का पगार. दिवाळीनंतर बोलावतील. त्याने चांगल्या मनानेच सांगितलं असेल. पण माधवीला एवढंच ऐकू आलं की या माणसाने आधीच विचारून ठेवलं होतं. कंप्युटर बंद पडायची वाटच बघत होता. सासरे म्हणाले, बरं होईल, कोपरा रिकामा होईल, तिथे दिवाण बसेल.

माधवीने ताटातला घास ताटात ठेवला.

"तुम्ही सगळे एक गोष्ट सांगा मला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळे सगळे जास्तच घाबरले. "दर खंडेनवमीला या घरात पूजा होते. बाबांच्या पान्यांना कुंकू लागते, ते फॅक्टरी सोडून आले तरी. यांच्या टॉर्चला लागते. स्कूटरला लागते. आईंची शिलाई मशीन कित्येक वर्षांपासून चालून नाही राहिली, तिलाही हार पडते. माझ्या कंप्युटरला या घरात कोणी कधी कुंकवाचं बोट लावलं? त्याच्यावर मी कमावून राहिली, तरी तो तुमच्यासाठी टीव्हीच. मग बंद पडला तर दिवाण तर येणारच."

हे तिने आजवर कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. तिला देवाधर्माचं फार वेड आहे असंही नाही. पण लग्नानंतर कंप्युटर आला त्या पहिल्या वर्षापासून ती बघत आली होती. नवमीला सासूबाई हळद-कुंकवाचं ताट घेऊन घरभर फिरायच्या. सासऱ्यांच्या हत्यारांची पेटी, टॉर्च, शिलाई मशीन, विळी, अंगणातली स्कूटर. पुढच्या खोलीत यायच्या, कंप्युटरजवळ क्षणभर थांबायच्या आणि देवघराकडे वळायच्या. दरवर्षी. हे बोचणं तिने इतकी वर्षं गिळलं होतं, ते आज बाहेर पडलं.

सासरे पाण्याचा पेला शोधायला लागले. अजिंक्यने मान खाली घातली. सासूबाई इंदूबाई पोळी वाढायला उभ्या होत्या. त्यांच्या हातातली पोळी तव्यावरून निघालेली, गरम असणार, पण त्या ती तशीच धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी ती सासऱ्यांच्या ताटात वाढली, त्यांनी मागितली नव्हती तरी, आणि आत गेल्या. माधवीला वाटलं, बघा, हिला तर उत्तर द्यायचीही गरज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, माधवी अनुपमजीकडे गेली, मुदत मागायला. मागणं हे तिच्या स्वभावात नाही. जाताना सगळ्या रस्त्याने तिने मनात वाक्यं जुळवली होती, त्यातलं तिथे गेल्यावर एकही कामाला आलं नाही. अनुपमजीने चहा मागवला, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की मशीन रविवारी रिकामी बसवायची त्याची इच्छा नाही. उद्या संध्याकाळपर्यंत नमुना आला तर बघतो. नाहीतर सुरतेला फोन करतो. मग मोठ्या मायेने तो म्हणाला की बहनजी, घर बैठे ये सब होता नहीं है, इसमें सेटअप लगता है. माधवीने अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठली.

ऑटोत बसल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाच तिला राग आला. अनुपमजीचा राग, बंटीचा राग, अजिंक्यच्या शाळेचा, सासऱ्यांच्या दिवाणाचा, त्या काळ्या पडद्याचा राग. कोणाला आधी झोडावं कळेना. घरी जाऊन तो कंप्युटर स्वतःच्या हाताने उचलून भंगारवाल्याला द्यायचा आणि शाळेत जाऊन टाइपिंग करत बसायचं, असं तिने ठरवून टाकलं.

दार लोटून आत आली तर पुढच्या खोलीत सासूबाई.

जमिनीवर बसलेल्या. कॅबिनेट टेबलाखालून ओढून उजेडात, दाराजवळ आणलेलं. डोळ्यांवर चष्मा. हातात शिवायची सुई, आणि ती सुई कंप्युटरच्या पोटात.

"ये क्या हो रहा है यहाँ?" माधवी ओरडली. हिंदीत.

इंदूबाईंचा हात एकदम मागे आला. त्या उठायला गेल्या, गुडघ्याने साथ दिली नाही, परत बसल्या. मग त्यांनी डावी मूठ उघडून पुढे केली. तळहातावर तांदळाचा एक दाणा होता. कुंकवाने लाल झालेला.

माधवी बघत राहिली. दाण्याकडे, मग कॅबिनेटकडे.

"दोन पडले होते," इंदूबाई म्हणाल्या. "दुसरा निघून नाही राहिला."

"तुम्ही पूजा केली याची?" माधवी मराठीवर आली होती, तिला स्वतःला कळलं नाही. "आतून?"

"खंडेनवमी होती ना. तू सिहोऱ्याला गेली होती."

"इतकी वर्षं तर कधी नाही केली."

"तूच सांगितलं होतं." इंदूबाई चष्म्याच्या वरून बघत होत्या. "हा घरी आला त्या दिवशी. आई, याला कोणी हात लावायचा नाही, ओल्या हाताने तर अजिबात नाही. असंच बोलली होतीस. मग नाही लावला. दरवर्षी ताट घेऊन इथपर्यंत येतो मी, अन् परत जातो. यंदा तू नव्हती. अन् हा उघडा होता."

माधवीला आठवलं. आठवलं आणि तिची कानशिलं तापली. पहिल्या दिवशी ती खरंच तसं म्हणाली होती, याहून वाईट सुरात. कंप्युटर घरात नवाच आलेला, कर्ज फेडायचं बाकी असलेल्या माणसासारखी ती त्याच्या भोवती पहारा देत होती. सासूबाईंच्या हातात तेव्हा ओलं फडकं होतं, त्या बिचाऱ्या टेबल पुसायला आल्या होत्या. नंतर ती हे साफ विसरून गेली. इंदूबाई विसरल्या नव्हत्या.

"पण वरून लावायचं ना, आई. झाकणाला. आत काहून?"

"तुझे बाबा नाही का सांगत. पूजा पान्याच्या जबड्याची करायची, पेटीची नाही. जिथे काम होते तिथे." त्यांनी सुईने त्या दोन पिवळ्या खाचा दाखवल्या. "ह्या दोन जागा रिकाम्या दिसल्या. मला वाटलं हेच याचं तोंड. थोडं पाणी शिंपडलं, हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मग भीती वाटली तू रागावशील, म्हणून पदराने पुसून घेतलं. पुसताना आत गेलं असेल."

म्हणून बंटीला दिसलं नव्हतं. बोर्डाचा रंग मुळातच तपकिरी, त्यावर कुंकू काय दिसणार. पिवळ्या खाचांत हळद भिजून वाळून बसलेली, ती काय दिसणार. दोघांनी अंगठ्याचा जोर लावून रॅम दाबली आणि तांदूळ आणखी खाली रेटला.

"मग काल जेवताना काहून नाही बोललात?" माधवीने विचारलं. "मी एवढं ऐकवलं सगळ्यांना. तुमच्या समोर बोलली मी, कोणी बोट नाही लावलं म्हणून. बोलायचं ना तेव्हाच."

इंदूबाईंनी दाणा दुसऱ्या हातात घेतला.

"तुझ्या रागाला भितो मी, बेटा."

या घरात आपल्याला कोणी मोजत नाही असं माधवी धरून चालली होती, आणि त्याच घरात ही म्हातारी आपल्याला भिऊन सुईने तांदूळ उकरत बसली होती. तिला राग तर आलाच होता. कंप्युटरमध्ये पाणी शिंपडलं या बाईने. पाणी. बोर्ड जळून गेला असता तर? पण तो राग सोडायला जागाच राहिली नाही. बंटीला तर उगाचच झोडपलं होतं. उरलं कोण, तर ती स्वतः. आणि स्वतःवर रागावण्याची तिला बिलकुल सवय नव्हती.

"सरका थोडं," ती शेवटी म्हणाली, आणि तेही रागातच. "अन् ती सुई बाजूला ठेवा. पिना वाकल्या तर मग काय तुमचा देव सरळ करणार का?"

तिने आत जाऊन आपली माहेरची डबी आणली, आरीच्या सुयांची. आरीची सुई टोकाला आकड्यासारखी वळलेली असते, धागा कापडाखालून वर ओढायला. सासूबाईंना अजिंक्यची रेल्वेची टॉर्च धरायला सांगितली. टॉर्चवर नवमीचं कुंकू अजून सुकून चिकटलेलं होतं. माधवीने श्वास धरून सुई खाचेत सोडली, दाण्याच्या खाली नेली आणि अलगद उचलली. तांदळाचा दुसरा दाणा आकड्यावर बसून वर आला.

मग दुसऱ्या खाचेतली हळद. कापडावर रंगकाम करायचा बारीक ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून तिने एकेक पिन पुसली. ब्रश पिवळा होई, ती तो फडक्याला पुसे आणि परत बुडवे. सगळा वेळ ती सासूबाईंना बोलत होती. टॉर्च हलवू नका. इकडे नाही, तिकडे. कुंकू कोणी मशीनच्या घशात घालते का. इंदूबाई निमूटपणे ऐकत होत्या आणि टॉर्च धरून होत्या. मध्येच त्यांनी विचारलं की हा पंखा कशाला, आणि ही नवीन वस्तू कोणती. माधवीने करवादत करवादत सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत घरात हे तिला कोणी विचारलं नव्हतं. तिनेही कोणाला जवळ फिरकू दिलं नव्हतं म्हणा.

सगळं वाळेपर्यंत दोघी उन्हात बसून राहिल्या. सासरे बाहेरून आले, दोघींना कंप्युटरशेजारी जमिनीवर बघून काही विचारणार होते, पण माधवीने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते सरळ आत गेले.

मग तिने नव्या रॅमच्या पट्ट्या बसवल्या. खट. खट. बटण दाबलं.

पंखा फिरला. एकच बीप झाली, लहानशी. आणि पडद्यावर उजेड आला.

"झालं?" इंदूबाईंनी विचारलं.

"झालं," माधवी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. तिने ते लपवलंही नाही. सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, मग तो हात हळदीने पिवळा आहे हे लक्षात येऊन पटकन काढून घेतला. माधवी म्हणाली, राहू द्या.

त्या दिवशी तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. नवी रॅम, नवी एसएसडी, नक्षी उघडायला घेतली की लगेच उघडायची, बाण जिथे न्यावा तिथे जायचा. शनिवारी दुपारी ती पेन ड्राइव्ह घेऊन अनुपमजीच्या कारखान्यात हजर झाली. त्याने नमुना यंत्रावर चढवला. पाकळ्या कापडावर उतरत गेल्या तसा तो वाकून बघायला लागला, आणि मग कारागिराला हाक मारून त्यालाही दाखवलं. तरी बेटा शेवटी म्हणालाच की गळ्याचं काम त्याने भरवसा न धरता आधीच सुरतेला बोलून टाकलं आहे. दुपट्टे आणि बाह्या तुमच्या, सगळ्या लग्नसराईच्या. माधवी घरी येईपर्यंत त्याला शिव्या देत आली. पण काम तिचं होतं आणि कोपरा तिचा होता. अजिंक्यने शाळेचं नाव परत काढलं नाही. सासऱ्यांनी दिवाण आतल्या खोलीत कुठे बसेल ते मोजायला घेतलं.

आता एकच उरलं होतं, बंटी. त्याला फोन करणं तिच्या जिवावर आलं होतं. माफी मागायची म्हणजे शब्द कुठून आणायचे इथपासून तयारी. रविवारी सकाळी तिने एकदाचा फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं की कंप्युटर सुरू झाला, बोर्ड चांगला आहे, आणि त्या दिवशी दुकानात मी जे बोलली ते चुकीचं बोलली. सगळ्यांसमोर बोलली, तेही चुकलं.

राग बंटीलाही आला असणार, माणूसच आहे. मग त्याने विचारलं, "मैंने तो पूछा था, भाभी. घर में किसी ने हाथ लगाया था ना?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. इंदूबाई ऐकत होत्या.

"हाँ भैया, लगाया था," माधवी म्हणाली. आवाज जरा मोठाच ठेवला, आतपर्यंत जावा म्हणून. "मेरी सास ने लगाया था."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हे आपण तक्रारीसारखं बोलायला हवं होतं, आणि तसं ते बोललं गेलं नाही. आत भांडी परत वाजायला लागली.